कंट्रोल चार्टावरचे उठाव

चार्टावर १८३१ आणि १८३२ या सालांच्या मध्ये कागद पातळ झाला होता. आरपार दिसावं इतका नाही, पण बोट फिरवलं की कळावं इतका. तो पातळ भाग गोल होता आणि त्याचा व्यास फार तर पाच मिलिमीटर. पप्पांनी तिथे एक तांबडी रेघ चार वेळा काढली होती आणि चार वेळा खोडली होती. एका वर्षाला दोन सेंटिमीटर असं आमचं प्रमाण होतं. उमाजी नाईक पकडले गेले डिसेंबर १८३१ मध्ये आणि पुण्यात फासावर गेले ते ३ फेब्रुवारी १८३२ ला. रामोशांच्या उठावाची रेघ यातल्या कुठल्या तारखेला थांबवायची, एवढाच प्रश्न होता. फरक तीन मिलिमीटरचा.

“बघू,” पप्पा म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

पप्पा म्हणजे शंकरराव ओव्हाळ, वय चौसष्ट, राहणार दौंड. सोलापूरच्या कंट्रोल ऑफिसात त्यांनी नोकरीतली बहुतेक वर्षं सेक्शन कंट्रोलर म्हणून काढली. सेक्शन म्हणजे रुळांचा नेमून दिलेला टप्पा. टेबलाएवढा कागद, त्यावर आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला स्टेशनं. कुठली गाडी कधी कुठे आहे ते पेन्सिलीनं त्या कागदावर ओढत राहायचं आणि कुणाला सोडायचं, कुणाला थांबवायचं ते ठरवायचं. पुढे हे काम संगणक करायला लागला. पप्पा तरी घरून नेलेल्या कागदावर आपली वेगळी रेघ ओढत राहिले, संगणकाची चूक सापडेल म्हणून. सापडली नाही. कागद मात्र उरले, आणि त्यातला सर्वांत लांब तुकडा त्यांनी माझ्यासाठी आणला होता.

मी शिरूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. पंधरा नोव्हेंबरला जनजातीय गौरव दिन असतो. त्यासाठी ‘ब्रिटिशांविरुद्ध आदिवासींचे उठाव : प्रांतवार फरक’ असं प्रदर्शन करायचं ठरलं होतं. इतिहासाची जागा रिकामी होती, म्हणून प्राचार्यांनी ते काम मला दिलं. कारण विचारलं तर म्हणाले, “मॅडम, तुमच्या प्रयोगशाळेत सगळ्या बाटल्यांना लेबलं असतात.”

इतिहासासाठी मी करुणाबाईंना बोलावलं. दौंडच्या शाळेत आठवीला त्यांनी मला इतिहास शिकवला होता. निवृत्तीनंतर त्या शिरूरला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला आल्या. आणि कागदासाठी पप्पांना बोलावलं. दोघांना एकाच टेबलाशी बसवण्यात माझा हेतू नव्हता असं मी म्हणणार नाही.

तीन वर्षांपूर्वी, दौंडच्या विहारातून बाहेर पडताना, चपला घालता घालता, करुणाबाईंनी पप्पांना सरळ विचारलं होतं, की आपण दोघांनी लग्न करायचं का. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. करुणाबाईंचे यजमान तर त्यांचा मुलगा रोहन दहावीत असतानाच गेले. त्याच संध्याकाळी बाईंनी मला फोन करून दोन वाक्यांत सांगितलं, “गौतमी, तुझ्या पप्पांना लग्नाचं विचारलंय. उत्तर यायचंय.” मी “बरं” म्हटलं. प्रश्न त्यांचा, उत्तर पप्पांचं. मध्ये आपण नाक खुपसू नये असं मला वाटलं, आणि मी पुन्हा कधी विषय काढला नाही.

उत्तर आलं नाही. पप्पा दर रविवारी न्हावऱ्याच्या एस.टी.नं शिरूरला येत, माझ्याकडे जेवत, करुणाबाईंकडे चहा घेत आणि पाचच्या गाडीनं परत जात. तीन वर्षं.

आता मात्र तारीख पडली होती. रोहन नागपूरला नोकरीला आहे. त्याला घर घ्यायचं होतं, दोन खोल्यांचं की तीन, हे आईवर अवलंबून होतं. आई कायमची येणार असेल तर तीन. त्यानं तिला सांगितलं होतं, पंधरा नोव्हेंबरपर्यंत नक्की सांग, सोळाला मी सही करतोय. करुणाबाईंनी हे पप्पांना माझ्यासमोरच सांगितलं, शेंगदाणे सोलता सोलता.

“नागपूरला थंडी असते,” पप्पा म्हणाले.

“स्वेटर आहे माझ्याकडे,” करुणाबाई म्हणाल्या.

चार्ट पहिल्यांदा उलगडला तो ऑक्टोबरातला रविवार होता. आडव्या अक्षावर १८१८ पासून १९०० पर्यंतची सालं, सुंदर अक्षरात. उभ्या अक्षावर ठिकाणं: जेजुरी, चाळीसगाव, राजमहेंद्री, चक्रधरपूर, साहिबगंज, गुवाहाटी. प्रत्येक नावासमोर एक आकडा.

“हे आकडे कसले?” मी विचारलं.

“किलोमीटर.”

“कुठून?”

“दौंडपासून,” पप्पा म्हणाले. दुसरीकडून कुठून मोजणार, असा त्यांचा चेहरा.

करुणाबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “ओव्हाळसाहेब, अठराशे सव्वीसला दौंडला काय होतं?”

“गाव होतं.”

“रेल्वे?”

“नव्हती.”

“मग साहिबगंजकडच्या संथाळांनी हूल केला, म्हणजे उठाव केला, तेव्हा त्यांना माहीत होतं का, आपण दौंडपासून इतक्या किलोमीटरवर उठतोय म्हणून?”

“त्यांना नसेल माहीत. अंतर तर होतंच ना?”

मूळबिंदू कुठेही धरता येतो, हे मीच अकरावीला शिकवते.

करुणाबाई बोट फिरवत खालपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या. “जेजुरीला रामोशी लावलेत, ठीक. पुरंदरचा डोंगर जवळ आहे. चाळीसगावला खानदेशातले भिल्ल. राजमहेंद्रीला रंपाच्या डोंगरातले. चक्रधरपूरला कोल आणि मुंडा. गुवाहाटीला खासी. महादेव कोळी कुठेत?”

पप्पा खोडरबर शोधू लागले.

“रामजी भांगरे, राघोजी भांगरे. राघोजीनं दहा वर्षं डोंगर धरून ठेवला. शेवटी ठाण्याला फाशी दिलं त्याला. आपल्या शेजारचा उठाव, साहेब. गुवाहाटी सापडली आणि जुन्नर-अकोल्याचा डोंगर सापडला नाही?”

“जुन्नरला स्टेशन नाही,” पप्पा म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघितलं. हसू आवरायला मला तेवढा वेळ लागतो.

“म्हणून उठाव झालाच नाही का?” करुणाबाईंनी विचारलं.

“झाला ना. मी कुठं नाही म्हणतोय? पण लावू कुठं? किलोमीटरच नाही त्याला.”

“स्टेशन तर शिरूरलाही नाही. म्हणून का आम्हाला उत्तर पोचायला तीन वर्षं लागतात?”

पप्पांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक आधीच होतं.

शेवटी चार्टाच्या खाली एक पट्टी चिकटवली. पप्पांनी तिच्यावर लिहिलं: ‘स्टेशन नसलेली ठिकाणे’. पहिली रेघ राघोजी भांगऱ्यांची, १८३८ ते १८४८, वीस सेंटिमीटर. करुणाबाईंनी शेजारी लिहायला सांगितलं की कोळ्यांचे उठाव त्याही आधीपासूनचे, १८२८ पासूनचे आहेत, आणि पप्पांनी ती रेघ आज्ञाधारकपणे मागे वाढवली, मधल्या शांत वर्षांत तुटक.

मग रेघा भरत गेल्या, आणि दुपारी दोनच्या सुमारास आम्हा तिघांनाही एक गोष्ट दिसली. ती कुणी ठरवून काढलेली नव्हती. पश्चिमेकडच्या रेघा लांब होत्या आणि बारीक. रामोशांची जवळजवळ बारा सेंटिमीटर, भिल्लांची तुटत-जोडत पंचवीसच्या पुढे. पूर्वेकडच्या आखूड होत्या आणि जाड. जाडी आम्ही माणसांच्या अंदाजावरून ठरवली होती. संथाळांचा हूल जेमतेम सव्वा सेंटिमीटर, पण पप्पांना तिथे पेन्सिल आडवी धरून घासावी लागली, इतकी माणसं. बिरसा मुंडांचं उलगुलान, १८९९ चा डिसेंबर ते १९०० चा फेब्रुवारी, चार मिलिमीटर.

“आपल्याकडं टोळी लहान,” करुणाबाई सांगू लागल्या. त्या आता वर्गात होत्या. “गडाची राखण गेली, गावची जागल गेली, वतनं गेली, म्हणून उठले. डोंगर ओळखीचा. इंग्रजांनी पाठलाग करायचा, दमायचं, मग बोलणी करायची. उमाजीला एकदा माफी दिली, जमीन दिली, राखणीचं काम दिलं. पुन्हा बिनसलं. भिल्लांची तर त्यांनी पलटणच उभी केली. लढायचं, तह करायचा, पुन्हा लढायचं. आणि तिकडं संथाळ मुलखात सावकार आणि जमीनदार सगळ्या गावांच्या मानेवर एकदमच बसले, तर सगळी गावं एकदमच उठली. बायका-पोरांसकट. तिथं तह कुणाशी करणार? इंग्रजांनी लष्करी कायदा लावला.”

“आणि खासी?” मी विचारलं.

“खासींच्या डोंगरातून इंग्रजांना रस्ता न्यायचा होता. रस्त्यावरून बिनसलं.”

“रंपाचे?”

“ताडी.”

पप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. “ताडी?”

“ताडीवर कर लावला, आपल्या झाडाची ताडी आपण काढायची तर ठेकेदाराला विचारायचं. हसू नका साहेब. तुमच्या चहावर कुणी ठेकेदार बसवला तर तुम्ही कधी उठाल?”

“लगेच.”

“म्हणजे कारण लागतं फक्त,” करुणाबाई म्हणाल्या आणि कप विसळायला आत गेल्या.

पप्पा चार्टाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पट्टी उभी लावली, १८३१ वर. पट्टीला तीन अखंड रेघा छेदत होत्या: वर रामोशी, मध्ये कोल, खाली खासी.

“गौतमी, हे बघ. एकाच साली तीन ठिकाणी. आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.” त्यांचा आवाज बदलला होता. “कंट्रोलला एक जरी माणूस असता ना. नुसतं कळवायला. की बाबांनो, तुम्ही एकटे नाही.”

आतून कप ठेवल्याचा आवाज आला. करुणाबाई दारात येऊन म्हणाल्या, “कळवायला माणूस असून उपयोग नसतो, साहेब. त्यानं कळवावंही लागतं.”

उमाजींची रेघ कुठे थांबवायची ते त्या दिवशीही ठरलं नाही. पप्पा पाचच्या गाडीनं गेले.

मधल्या दोन आठवड्यांत चार्ट माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता. आमचे लॅब अटेंडंट खंडूमामा भंडलकर. ते रामोशी समाजातले, आणि उमाजी नाईकांचा फोटो त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे असतो. त्यांनी चार्ट पहिल्या दिवशी दुरूनच बघितला. दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन जवळ आले.

“मॅडम, ह्ये आमचं नाईक हायेत ना?”

“हो मामा.”

“आन् ही रेघ आडवी हाय.”

“सगळ्याच आडव्या आहेत.”

“ओव्हाळसायेब मला म्हनलं हुतं, चार्टावर आडवी रेघ म्हंजी गाडी उभी. सा वरीस आमचं नाईक उभंच हुतं का?”

हे मी पप्पांना फोनवर विचारलं. पप्पांनी खंडूमामांना फोन द्यायला सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावणं चाललं होतं. मामा मधून मधून “व्हय… व्हय” करत होते. फोन परत देताना त्यांची छाती दोन इंच पुढे आली होती.

“म्हनं पळती गाडी कुनालाबी चालवता येती. उभी ऱ्हायलेली गाडी समदा सेक्शन आडवून धरती. सायेबाची झोप तीच उडवती.” मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “अजून येक. आमी आदिवासीत का?”

“पुस्तकात तुमचा उठाव आदिवासींच्या धड्यात आहे मामा. सरकारी यादीत तुम्ही विमुक्त जातींत.”

“म्हंजी पेपरात लिव्हायपुरतं आदिवासी, आन् दाखला काढाय गेलं की न्हाई.”

“तसंच काहीसं.”

“मग तेवढं बी लिव्हा की खाली. बारीक अक्षरात.”

मी लिहिलं. बारीक अक्षरात नाही लिहिलं.

पंधरा नोव्हेंबरला प्रदर्शन सकाळी दहाला उघडलं. पप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि हातात एक लांब पट्टी होती. करुणाबाई निळ्या काठाची साडी नेसून आल्या होत्या. फोन त्यांनी पर्समध्ये न ठेवता हातातच धरला होता. रोहन चार वाजता फोन करणार होता.

“काय सांगणार?” मी विचारलं.

“तीन खोल्या,” त्या शांतपणे म्हणाल्या. “किती वाट बघायची, गौतमी? मी काही डोंगर धरून बसलेली नाही.” माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला आणि एक विचित्र वाक्य बोलल्या: “तुझ्यावर माझा राग नाही हं. अजिबात नाही.” मला कळेना, माझ्यावर राग कशाला असावा. विचारणार तोच मुलांची रांग आत आली.

दुपारपर्यंत पप्पांनी तोच चार्ट बहुधा तीस वेळा समजावला. ते थकले नाहीत. तीन वाजता दौंडजवळच्या खुटबावचे पोपटराव आले. त्यांची नात वैष्णवी माझ्या वर्गात आहे. बागायतदार माणूस, पांढरी टोपी, हातात गाडीची किल्ली. त्यांनी चार्ट वरून खालपर्यंत वाचला.

“आमचं खुटबाव कुठंय ह्यात?”

“खुटबावला उठाव झाल्याची माझ्याकडं नोंद नाही,” पप्पा म्हणाले.

“स्टेशन हाय की पर.”

“स्टेशन आहे, उठाव नाही. जुन्नरकडं उठाव आहे, स्टेशन नाही. काय करणार?”

“मंग खुटबावकरांनी काय केलं म्हनायचं सत्तर-ऐंशी वरीस?”

“ऊस लावला,” करुणाबाई म्हणाल्या.

“तवा ऊस कुठला बाई! बाजरी असंल,” पोपटराव मोठ्यानं हसले. मग पट्टीनं दाखवल्यासारखं बोट करत म्हणाले, “पर मला सांगा सायेब, ह्यातलं बरं कुठलं? आमच्याकडलं, दमानं, धा-धा वरीस? का तिकडलं, दोन म्हयन्यात एक घाव दोन तुकडं?”

पप्पांना हा प्रश्न आवडला. “आपल्याकडची माणसं कमी होती. प्रत्येक वेळी बघावं लागायचं, कोण बरोबर आहे, कोण नाही. घाई करून चालत नव्हतं. थांबायचं, अंदाज घ्यायचा…”

“अंकल, पण आमच्याकडे पण अंदाज घ्यायचे.”

बोलणारी मुलगी पहिल्या वर्षाची, फूलमनी हांसदा. दुमक्याकडचं संथाळ कुटुंब. वडील सणसवाडीच्या एका कारखान्यात, राहायला तिथेच भाड्याच्या खोलीत. सात वर्षांत मराठी चांगली झाली होती, फक्त चिडली की हिंदीत जायची. सकाळपासून ती सव्वा सेंटिमीटरच्या त्या रेघेशी दोनदा येऊन गेली होती.

“तुम्ही आमची लाइन इतनी छोटी काढली,” ती म्हणाली. “माझी आजी अजून हूलची गाणी म्हणते. ती लाइन कुठे आहे?”

“लढाई जेवढी चालली तेवढीच रेघ,” पप्पा म्हणाले. “गाण्याची काढायची तर कागद पुरायचा नाही.”

ती थोडी नरमली. “बरं. पण असं नाही की एकदम उठले, बिना सोचे. साल नावाचं झाड असतं ना, त्याची डहाळी पाठवायचे. एका गावातून दुसऱ्या गावात, तिथून तिसऱ्या. डहाळी आली म्हणजे निरोप आला.”

पप्पा एकदम सावध झाले. निरोप हा त्यांचा विषय. “आणि पोचल्याची खात्री? आमच्याकडं नियम होता, निरोप मिळाला की समोरच्यानं नंबर द्यायचा. तो नंबर वहीत उतरवल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचंच नाही. तुमच्या डहाळीला काय पोचपावती?”

“पता चलता था ना, अंकल. अगला गाँव उठ जाता था.”

“आणि नाही उठलं तर?”

“तर समजायचं की डहाळी पुढे पाठवलीच नाही कुणी. मध्येच कुणाच्या तरी घरात ठेवली असेल.” ती हसली. “गावानं नाही म्हटलं, असं आपणच बसून धरायचं नाही. जाऊन विचारायचं.”

पप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग चार्टाकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं त्यांना पाणी हवंय. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि तशीच हातात धरली.

तेवढ्यात करुणाबाईंचा फोन वाजला. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती. रोहन आईवर गेला आहे, वेळेआधी उगवतो.

“बोल बाळा,” त्या म्हणाल्या. “हो, आज पंधरा आहे, मला माहीत आहे. ठरलंय माझं. लिहून घे…”

“थांबा,” पप्पा म्हणाले.

करुणाबाईंनी फोन कानापासून थोडा दूर धरला. “आता काय, साहेब?”

“एक मिनिट थांबा. मला गौतमीला एक विचारायचंय.”

“आत्ता?” करुणाबाईंचा आवाज जरा चढला. “म्हणजे तुम्ही तिला अजून विचारलंच नाही?”

“काय विचारायचं होतं मला?” मी म्हटलं.

करुणाबाई माझ्याकडे वळल्या. मग हळूहळू म्हणाल्या, “तीन वर्षं हे मला सांगतायत, गौतमीचं मन तयार नाही. तिला वेळ द्या. तिच्या आईची जागा आहे, घाई नको. म्हणून तर मी तुझ्याजवळ कधी विषय काढला नाही. तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास, मला वाटलं, पोरीला लागलंय.”

खोलीत पोपटराव होते, खंडूमामा होते, फूलमनी होती. कुणीही निघून जायचं सौजन्य दाखवलं नाही.

“पप्पा,” मी म्हटलं, “माझं मन तयार नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मी धरलं तसं.” त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. “पुढचा सेक्शन मोकळा आहे हे कळल्याशिवाय गाडी सोडायची नाही, इतकी वर्षं तेच केलं. तू काही बोलत नव्हतीस, म्हटलं सेक्शन मोकळा नसणार.”

“मी काही बोलत नव्हते, कारण मला कुणी काही विचारलं नव्हतं.”

“व्हय की,” खंडूमामा मागून म्हणाले. “मॅडम न इचारता कवा बोलत्यात? मी सतरा वर्सं बघतोय.”

“तीन वरीस!” पोपटराव पुटपुटले. “आन् आमाला सांगत्यात दमानं घ्यायचं असतंय.”

पप्पांनी शर्टाची बाही सरळ केली. ती सरळच होती. मग माझ्यासमोर उभे राहिले, मी दहावीचा निकाल घेऊन आले होते तेव्हा उभे होते तसे.

“गौतमी, मी आणि करुणाबाईंनी लग्न केलं, तर तुला चालेल का?”

मी वेळ घेतला नाही. “मला तीन वर्षांपूर्वीच चाललं असतं. आईलाही चाललं असतं. ती तुमच्या आळशीपणावरच चिडायची.”

फोनमधून रोहनचा आवाज येत होता, आई, आई, कोण आहे तिकडे, दोन की तीन? करुणाबाईंनी फोन खाली घेतला. त्या पप्पांकडे बघत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे टोमणा तयार नव्हता.

पप्पांनी घसा साफ केला. आवाज त्यांचा तसा मोठाच, नोकरीच्या सुरुवातीला यार्डात हाका मारून कमावलेला, पण एरवी घरात तो कधी निघत नसे. आता निघाला. बाहेरच्या ओट्यावरची मुलंसुद्धा वळून बघायला लागली.

“करुणाबाई, तुम्ही जे विचारलं होतं, त्याला माझं उत्तर हो आहे. आपण लग्न करायचं.”